चार महिने पावसाचे

1971 सालची दिवाळी. मी तेव्हा बारा वर्षांचा. भातकापणी अर्धी झाली होती आणि तळ्याखालच्या आमच्या कुणग्यात भाऊआजोबा भारे बांधत होते. भाऊआजोबा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. गावात त्यांना सगळे ‘पेन्शनी’ म्हणत. आम्ही तिघं पोरं मेरेच्या आड लपलो, सुतळी बांधलेला एक मोठा फटाका पेटवला आणि त्यांच्या पाठीमागे टाकला.

आवाज झाला तसा म्हातारा उभ्याचा आडवा झाला. पडला नाही, झोपला. तोंड मातीत, दोन्ही हात डोक्यावर. मग कोपरांवर सरपटत मेरेपर्यंत आला आणि मेरेला अंग चिकटवून तसाच राहिला. आम्ही पोट धरून हसत होतो. त्यांच्या ढोपरांना भाताची खुंटं लागून रक्त आलं होतं, ते मी नंतर बघितलं. ते उठले, आमच्याकडे बघितलं, एक शब्द बोलले नाहीत. हातांची थरथर मात्र दुपारच्या पेजेपर्यंत थांबली नाही. पेजेची वाटी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

रात्री काकीआजीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला ओटीवर बोलावून घेतलं. मला वाटलं आता मार बसणार. ती म्हणाली, “तेका उठवूचा आसला तर लांबसून साद घाल. आंगाक हात लावू नको. आणि पाटसून कधी जाव नको.” एवढंच. का, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

हे सगळं लिहायला मी वयाची पासष्टी ओलांडेपर्यंत थांबलो. शिक्षण माझं दहावी. दहावीची पहिली बोर्डाची परीक्षा 1975 ला झाली त्या बॅचचा मी, म्हणजे अकरावी मॅट्रिक मोडून नवीन पद्धत आली त्यात सापडलेला. पुढे नांगर. पण वाचनाची खोड सुटली नाही. कुडाळच्या बाजाराला गेलो की वाचनालयात तासभर बसायचं, हा क्रम चाळीस वर्षं चालला. त्यात हळूहळू कळत गेलं की भाऊआजोबांना जे होत होतं त्याला नाव आहे, इतिहास आहे, आणि लढून आलेल्या माणसाला परत थंड कसं करायचं हा प्रश्न आपल्या मुलखात फार जुना आहे.

सुरुवात शिवाजी महाराजांपासून करतो. आपल्याकडे सगळ्याची सुरुवात तिथूनच होते म्हणून नव्हे, तर इथे खरोखर सांगण्यासारखं आहे म्हणून. सभासदाची बखर 1697 साली जिंजीला लिहिली गेली. तीत लष्कराच्या कायद्याचा भाग आहे. पावसाळा लागला की लष्कराने आपल्या मुलखात छावणीला यायचं. लोकांना राहायला घरं, घोड्यांना पागा गवताने शाकारून तयार असायची, दाणावैरण आणि औषधं भरून ठेवलेली असायची. दसऱ्याला कूच. आठ महिने बाहेर, चार महिने घरी. परत येताना प्रत्येकाचा झाडा घ्यायचा, जाताना काय होतं आणि येताना काय आणलं ते बघायचं.

शाळेत आम्हांला हे शिकवलं ते शिस्त म्हणून. शेतकरी म्हणून मला त्यात दुसरं दिसतं. आठ महिने रक्त बघितलेला माणूस चार महिने पावसाच्या आवाजात शाकारलेल्या छपराखाली निजत होता. पायदळातले बरेच जण तर शेतकरीच. मावळातले मावळे आणि आमच्या बाजूचे हेटकरी. हेटकरी बंदुकीच्या नेमासाठी नावाजलेले. यांचे हात मृगाला चिखलात जायचे. चिखल काढायचा, तरवा काढायचा, लावायचा, बेणायचा. हस्त सरता सरता भात पिवळं होतं, आणि तोवर दसरा आलेला असतो. ही सोय राजाने माणसाच्या मनासाठी केली असं मी म्हणणार नाही. पावसात घाट उतरता येत नाहीत, नद्या फुगतात, घोडे मरतात, ही खरी कारणं. पण कारण काहीही असो, विसावा मिळत होता, आणि तो दरवर्षी ठरलेल्या दिवशी मिळत होता.

त्याच छावणीतली दुसरी बाजूही कागदावर आहे. राज्याभिषेकाच्या आसपास महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. दाणा आधीच बराच खर्च झालाय, उरलेला जपून वापरा, नाहीतर ऐन पावसात संपेल, घोडे मरतील आणि ते तुम्हीच मारल्यासारखं होईल. मग तुम्ही कुणब्याच्या घरी जाल, कोणी दाणे आणेल, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा, कोणी भाजी. असं झालं तर लोकांना मोगल बरा वाटेल. पुढे विस्तवाची गोष्ट. रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल. एवढा मोठा राजा उंदराची आणि वातीची काळजी करतो, याचं कौतुक सगळे करतात. मी वाचताना वेगळ्या जागी थांबलो. हातात हत्यार असलेली, लढाईतून आलेली आणि आता काही काम नसलेली हजारो माणसं एका जागी चार महिने बसवली तर काय होतं, हे लिहिणाऱ्याला चांगलं ठाऊक होतं. पत्रात मनाबद्दल एक अक्षर नाही, पण त्या मनाचीच धास्ती घेऊन ते लिहिलंय असं मला वाटतं.

रिकामं बसवलं तर काय होतं, त्याचा दाखला पुढे दोनशे वर्षांनी नाशिकजवळ देवळालीला मिळाला. 1860 च्या दशकात इंग्रजांनी तिथे गोऱ्या शिपायांची छावणी केली. मुदत संपलेले शिपाई विलायतेला जाणाऱ्या बोटीची वाट बघत तिथे थांबायचे. बोटी हिवाळ्याच्या हंगामातच सुटायच्या. हंगाम चुकला तर पुढचे कित्येक महिने तिथेच. लढाई संपलेली, कवायत नावापुरती, काम नाही, ऊन, हिवताप, दारू. माणसं चळायला लागली. कोणी तुरुंगात, कोणी इस्पितळात. इंग्रजीत वेड लागलेल्या माणसाला आजही ‘डूलाली’ म्हणतात, तो शब्द म्हणजे आपलं देवळाली. पूर्वी पूर्ण म्हणायचे ‘डूलाली टॅप’. त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. एका मराठी गावाचं नाव आणि एक आपल्या तोंडातला शब्द एवढा लांब गेला, तो असा.

गोऱ्यांचं निदान शब्दात तरी उरलं. आपल्यांचं काय? पहिल्या महायुद्धात 103, 110 आणि 117 या तीन मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुतच्या वेढ्यात अडकल्या. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916. शेवटी खायला घोड्याचं मांस राहिलं आणि आपल्या बऱ्याच शिपायांनी ते कितीतरी दिवस शिवलं नाही. सुमारे तेरा हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. वाळवंटातून चालवत नेलं, रेल्वेच्या कामाला जुंपलं, त्यात फार मेली. याच काळात, फेब्रुवारी 1915 ला, चार्ल्स मायर्स नावाच्या डॉक्टरने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘शेल शॉक’ हा शब्द छापून आणला. तोफेच्या गोळ्याचा हादरा. पुढे कळलं की गोळा जवळ न फुटताही हा हादरा बसतो. विलायतेत त्यासाठी वेगळी इस्पितळं निघाली. कुतहून जगून परत आलेला रत्नागिरी-साताऱ्याकडचा शिपाई मात्र सरळ आपल्या घरी आला. कोकणात आणि घाटावर काही गावांत संगमरवरी पाट्या आहेत, या गावातून इतके लढाईला गेले, त्यातले इतके मेले. आलेल्यांपैकी किती जणांना झोप लागत होती, तो आकडा कुठल्या पाटीवर नाही.

आता परत भाऊआजोबांकडे येतो. ते दुसऱ्या महायुद्धातले. बेळगावला मराठ्यांच्या पलटणीचं केंद्र 1922 पासून आहे. आमच्याकडचा मुलगा भरतीला निघाला की आंबोली घाट चढून बेळगाव, हा रस्ता ठरलेला. भाऊआजोबा तसेच गेले आणि इटलीत पोचले. तिथल्या लढाईत मराठा पलटणीच्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावकडचे यशवंत घाडगे, 10 जुलै 1944 ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनवर चालून गेले आणि तिथेच पडले, वय बावीस. आणि नगरकडचे नामदेव जाधव, 9 एप्रिल 1945 ला सेनियो नदीवर. त्यांनी जखमी साथीदारांना पाठीवर घेऊन नदीपार आणलं. ते जगले आणि 1984 पर्यंत होते. भाऊआजोबा या दोघांची नावं घ्यायचे. स्वतःचं काहीच सांगायचे नाहीत. इटलीबद्दल विचारलं तर म्हणायचे, “थंय द्राक्षां बरी.”

त्या युद्धात डॉक्टर शहाणे झाले होते. ‘शेल शॉक’ हा शब्द टाळून ‘थकवा’ म्हणायला लागले. थकवा म्हटला की माणसाला लाज वाटत नाही. उपायही साधा होता. फार लांब न नेता, आघाडीच्या थोडं मागेच आणायचं, गरम जेवण, अंघोळ, कोरडे कपडे, झोपेचं औषध आणि दोन-चार दिवस निव्वळ झोप. तू बरा होणार आणि आपल्या माणसांत परत जाणार, हे पहिल्या दिवसापासून सांगायचं. बरेच जण त्याने सावरत. अर्थात त्यांना सावरायचं होतं ते परत लढायला पाठवायला, हेही खरं.

भाऊआजोबांना असलं काही मिळालं का, मला माहीत नाही. पण दोन गोष्टी मिळाल्या. पहिली बोट. 1946 ला ते परत आले ते इटलीहून मुंबईपर्यंत पंधरा-वीस दिवस बोटीत, सगळे आपलेच लोक. डेकवर बसायचं, पत्ते, भजन, मध्येच कोणीतरी रडायचा आणि बाकीचे समुद्राकडे बघत राहायचे. एवढं मात्र त्यांनी एकदा सांगितलं होतं. नंतर मी वाचलं की 1982 च्या फॉकलंडच्या लढाईनंतर जे इंग्रज शिपाई बोटीने घरी गेले, त्यांनाही वाटेतला हा वेळ फार उपयोगी पडला असं म्हणतात. आणि व्हिएतनाममधून अमेरिकन शिपाई विमानाने एक-दोन दिवसांत घरी, म्हणजे काल जंगलात आणि आज आईच्या स्वयंपाकघरात. इराक-अफगाणिस्तानच्या वेळी इंग्रजांनी मग मुद्दाम आपली माणसं येताना सायप्रस बेटावर दीड दिवस उतरवायला सुरुवात केली. समुद्रात पोहायचं, जेवायचं, थोडं बोलायचं, आणि मग घर.

दुसरी गोष्ट काकीआजी. ते मुंबईहून आगबोटीने वेंगुर्ल्याला उतरले आणि चालत वालावलला आले. तिने मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली, भाताचा मुटका ओवाळून टाकला. लक्ष्मीनारायणाच्या देवळात आणि ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं. त्यानंतर घरातल्या सगळ्यांना एकच ताकीद, कोणी काही विचारायचं नाही. तो सांगेल तेव्हा ऐकायचं. आत माजघरात त्यांना झोप येत नव्हती तर पडवीत भिंतीला पाठ लागेल असं अंथरूण घातलं. आठ दिवसांत मृग लागला आणि तिने जोत त्यांच्या हातात दिलं.

जोत धरलेल्यालाच कळेल ते सांगतो. चिखलात बैलांमागे चालताना माणूस त्यांच्या चालीने चालतो. पाय काढायचा, ठेवायचा. नजर फाळावर. आणि मध्ये मध्ये बैलांना लांब हाळी द्यायची, श्वास संपेपर्यंत. धोका दिसला की मूत्रपिंडावरच्या गाठींतून रस सुटतो, काळीज धडधडतं, रक्त हातापायांत धावतं, पोट बंद पडतं. धोका गेला तरी हे सगळं लगेच उतरत नाही, मग हात थरथरतात, ओकारी येते. श्वास सोडणं लांबलं की काळजाचे ठोके हळू होतात. स्वामी कुवलयानंदांनी 1924 ला लोणावळ्यात कैवल्यधाम काढून प्राणायामाची यंत्रांनी तपासणी सुरू केली, तेव्हापासून यावर आपल्याकडे अभ्यास चालू आहे. नांगरणाऱ्याची हाळी आणि भजनातला लांब आलाप हे त्याच घरातले, असं माझं मत. शास्त्रज्ञ काय म्हणतील ते म्हणोत.

पण शेतीने भाऊआजोबा बरे झाले असं कोणी समजू नये. काकीआजीला पुढची चाळीस वर्षं रात्री जागावं लागलं. ते प्यायचे. दशावताराच्या रात्री राजा आणि राक्षस लाकडी तलवारी घेऊन भिडले आणि झांज-मृदंग चढले की ते उठून देवळामागे तळ्याकडे जाऊन बसायचे. लोक म्हणायचे, पेन्शन्याला नाटक आवडत नाही. त्यांना नाटक फार आवडायचं. संकासुर आला की हसून हसून डोळ्यांत पाणी यायचं. मृदंग उतरला की परत येऊन बसायचे. ज्याला आज डॉक्टर आघातानंतरचा ताण म्हणतात, ते नाव अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत आलं 1980 साली. भाऊआजोबा तेव्हा साठीत होते.

माझा पुतण्या मराठा पलटणीतून सतरा वर्षं नोकरी करून दोन वर्षांपूर्वी परत आला. त्यातली काही वर्षं काश्मीरात, राष्ट्रीय रायफल्समध्ये. जम्मूहून दिल्ली, दिल्लीहून कोकणातली गाडी, दोन-अडीच दिवसांत घरी. पूर्वी एकदा तो रजेवर आला असताना एका लग्नाच्या मांडवात, चार लोकांत मी त्याला हसत विचारलं होतं, “काय रे, किती जणांका उडवलंस?” मी. भाऊआजोबांच्या पाठीमागे फटाका टाकलेला, सगळी पुस्तकं वाचलेला मी. तो हसला आणि पानावरून उठून गेला. हात धुऊन परत आलाच नाही.

कायमचा आल्यावर पहिल्या मे महिन्यात त्याची बायको माझ्याकडे आली. “काकानू, हे रात्री तीन वाजता उठतत आणि तळ्यार जावन बसतत. काल झिलाचो फुगो फुटलो तर तेका केवढ्यान वराडले.” शेजारचे म्हणत होते कौल लावा, काहीतरी बाहेरचं आहे. मी म्हटलं कौल लावा, देवाला विचारायला हरकत नाही, पण आधी लष्कराच्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरकडे जायचं. जायला त्याने तीन महिने घेतले. आता गोळ्या चालू आहेत. तिथे त्याला चार आकडे मोजत श्वास घ्यायचा, चार धरायचा, चार सोडायचा, चार थांबायचं, हे परत करायला सांगितलं. तो म्हणाला, “ह्या तर आमका फायरिंगाक शिकवलेला. घराकडे करूचा आसता ह्या कोणी सांगूक नाय.”

सुनेला मी काकीआजीचे दोन नियम सांगितले, लांबून हाक आणि पाठीमागून जायचं नाही. फटाक्याची गोष्ट त्यालाही सांगितली, आणि लग्नातल्या त्या प्रश्नाबद्दल माफी मागितली. तो बराच वेळ गप्प राहिला. मग विचारलं, “आजो सरपटत खयच्या बाजून गेलो? मेरेकडे?” मी म्हटलं, हो. तो म्हणाला, “बरोबर गेलो.”

आता बैल नाहीत, पॉवर टिलर आहे. मला वाटलं होतं त्या आवाजाचा त्याला त्रास होईल. होत नाही. आवाज त्याच्या हातात असतो, वाढवायचा तोच, बंद करायचा तोच. गेल्या जुलैत त्याने तळ्याखालचा तोच कुणगा चिखलवला आणि बायांबरोबर वाकून तरवा लावला. ओळी सरळ, पलटणीसारख्या. बाया हसत होत्या.

त्या आठवड्यात एका रात्री वारा सुटला आणि माडाचं चुडत पडवीच्या पत्र्यावर धाडकन पडलं. मी जागा झालो, माझ्या खोलीतून त्यांची पडवी दिसते. तो उठून बसला होता, पाठ भिंतीला. सून दारात उभी राहिली, पुढे आली नाही. तिथूनच तिने साद घातली. तो थोड्या वेळाने म्हणाला, “चुडत पडला.”

“व्हय,” ती म्हणाली.

सकाळी त्याने ते चुडत ओढत न्हाणीच्या चुलीकडे नेलं आणि कोयत्याने तोडून पावळीला सुकत टाकलं.